जनाची लाज आणि मनाची

‘जनाची नाही, तर निदान मनाची तरी लाज बाळगावी’ हे वाक्य मराठी घरात लहानपणापासून कानांवर पडत असते. वडीलधारी माणसे ते मुलांना सुनावतात, शिक्षक विद्यार्थ्यांना ऐकवतात आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख ते प्रसंगी सत्ताधाऱ्यांनाही ऐकवतात. या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. माणसाच्या कृत्यांचा निवाडा करणारी दोन न्यायासने आहेत, एक बाहेर चारचौघांत आणि दुसरे ज्याच्या त्याच्या अंतःकरणात, असे ते गृहीत आहे. बाहेरचे न्यायासन चुकवता येते, त्याच्या डोळ्यांत धूळ फेकता येते. आतले मात्र अहोरात्र जागे असते, असा सर्वसामान्य माणसाचा भाबडा, पण दिलासा देणारा विश्वास आहे.

हे दुसरे न्यायासन प्रत्येकाच्या ठायी खरोखरच असते काय? आणि असलेच, तर ऐन आणीबाणीच्या क्षणी ते काही बोलते काय? जपानी कादंबरीकार शुसाकु एन्डो (१९२३-१९९६) यांनी १९५७ साली ‘समुद्र आणि विष’ या छोटेखानी कादंबरीत नेमका हाच प्रश्न विचारला. १९७२ साली ती इंग्रजीत आली आणि १९८६ साली केइ कुमाई यांनी तिच्यावर चित्रपट काढला. दुसऱ्या महायुद्धावर जगभर लिहिल्या गेलेल्या असंख्य कादंबऱ्यांमध्ये तिचे स्थान वेगळे आहे. तीत रणांगण जवळजवळ नाही. शौर्य नाही, आणि ज्याला सैतान म्हणावे असा खलनायकही नाही. आहे ते एक रुग्णालय, त्यातील वरिष्ठ-कनिष्ठ डॉक्टर, परिचारिका, त्यांचे हेवेदावे, आणि या सर्वांच्या हातून घडलेला एक महाभयंकर गुन्हा.

जे प्रत्यक्षात घडले

कादंबरीच्या मुळाशी एक सत्य घटना आहे. ५ मे १९४५ रोजी क्युशू बेटावर अमेरिकेचे एक बी-२९ जातीचे बॉम्बफेकी विमान पाडण्यात आले. हवाई छत्रीच्या साहाय्याने खाली उतरलेल्या वैमानिकांपैकी कप्तानाला चौकशीसाठी टोकियोला नेण्यात आले. तो त्यामुळेच वाचला. त्यानंतर मे-जूनमध्ये फुकुओका येथील क्युशू इम्पीरियल विद्यापीठाच्या वैद्यक विभागात आठ अमेरिकन युद्धकैद्यांवर प्रयोग करण्यात आले. रक्ताऐवजी समुद्राचे पाणी चालते का, फुफ्फुसाचा किती भाग काढला तरी माणूस जगतो, अशा प्रश्नांची उत्तरे जिवंत माणसांना चिरून शोधण्यात आली. आठांपैकी एकही वाचला नाही. या शस्त्रक्रिया करणाऱ्या प्राध्यापकाने खटला उभा राहण्यापूर्वीच, १९४६ साली, तुरुंगात गळफास लावून घेतला. १९४८ साली योकोहामा येथील लष्करी न्यायालयाने तेवीस जणांना दोषी ठरवले व पाच जणांना मृत्युदंड सुनावला. तो एकाच्याही बाबतीत अमलात आला नाही. पुढे शिक्षा कमी करण्यात आल्या आणि दहा वर्षांच्या आत सर्व जण मोकळे झाले.

एखाद्या सामान्य लेखकाच्या हाती हा विषय पडता, तर त्याने रक्तामांसाचा चिखल करून वाचकाला शहारे आणले असते. एन्डो यांनी तसे केले नाही. त्यांची कादंबरी सुरू होते ती युद्धानंतर काही वर्षांनी, टोकियोच्या एका धुळकट उपनगरात. तेथे नव्याने राहायला आलेल्या एका क्षयरोग्याला छातीत सुईने हवा भरून घेण्याचा उपचार नियमितपणे करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तो सुगुरो नावाच्या डॉक्टरकडे जाऊ लागतो. डॉक्टरचा चेहरा सुजकट, निर्विकार आहे. बोलणे मोजके आहे. दवाखाना कळकट आहे. हात मात्र विलक्षण कसबी आहे. एवढ्या कौशल्याचा माणूस अशा आडबाजूला का येऊन पडला असेल, या कुतूहलातून त्याचा भूतकाळ उघड होतो. दरम्यान या रोग्याला आणखी एक शोध लागतो. सार्वजनिक स्नानगृहात भेटणारा पेट्रोलपंपाचा मालक चीनमध्ये सैनिक होता आणि तेथील कृत्यांविषयी तो हसत हसत बोलतो. कोपऱ्यावरचा शिंपी लष्करी पोलिसांत होता. आज हे सारे आपापली दुकाने चालवतात, मुलांना खेळवतात, गिऱ्हाइकांशी अदबीने वागतात. प्रास्ताविकाच्या या मोजक्या पानांतच एन्डो यांनी वाचकाच्या पायाखालची जमीन सरकवली आहे. गुन्हेगार कुठेतरी दूर, तुरुंगाच्या भिंतीआड असतो, या समजुतीला येथे जागाच उरत नाही.

अधिष्ठातापदाची निवडणूक

यानंतर कथा १९४५ सालात शिरते. फुकुओका शहर बॉम्बहल्ल्यांनी होरपळते आहे. अन्न नाही, औषधे नाहीत. ‘रुग्णालयात मेला नाही तो रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात मरेल’ अशी सर्वांची मनोवृत्ती बनली आहे. आणि अशा काळातही वैद्यकीय महाविद्यालयात एक गोष्ट जोमाने चालू आहे: अधिष्ठातापदाची निवडणूक! आधीचे अधिष्ठाता वारले आहेत; त्या जागेसाठी दोन शल्यचिकित्सा विभागांच्या प्रमुखांत चुरस आहे. सुगुरो ज्यांच्या हाताखाली उमेदवारी करतो त्या प्राध्यापक हाशिमोतो यांची बाजू लंगडी पडते आहे. दिवंगत अधिष्ठात्यांच्या नात्यातील ताबे नावाची तरुणी याच रुग्णालयात क्षयाने आजारी आहे. तिची शस्त्रक्रिया लवकर उरकून ती यशस्वी करून दाखवली, तर त्या घराण्याचे वजन आपल्या पारड्यात पडेल, असा हिशेब मांडला जातो. तिची तब्येत काय सांगते, हा प्रश्न मागे पडतो. शस्त्रक्रिया होते, आणि ती तरुणी टेबलावरच प्राण सोडते.

येथून पुढची पाने कादंबरीतील सर्वांत मोलाची आहेत. युद्धकैद्यांचा प्रसंग अद्याप दूर आहे, पण त्याची पायाभरणी येथे होते. मृत देहाला नीट पट्ट्या बांधल्या जातात, सलाईन लावले जाते, ढकलगाडीवरून तो खोलीत नेला जातो. ‘शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, मात्र आज भेटू नये’ असे नातेवाइकांना सांगितले जाते. मृत्यू दुसऱ्या दिवशी ‘जाहीर’ होतो, म्हणजे शस्त्रक्रियेला बोल लागायला नको! शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाला खरे काय ते ठाऊक आहे. कुणी कुणाला ‘गप्प राहा’ असे सांगतही नाही, कारण सांगावेच लागत नाही. संस्थेची अब्रू, साहेबांची अब्रू, आपली नोकरी या तीन गोष्टी एका दोरीत अशा गुंफलेल्या असतात की एक ओढली की बाकीच्या आपोआप येतात.

ज्याने आयुष्यात कधी कचेरीत, शाळेत अथवा महाविद्यालयात नोकरी केली आहे, त्याला या प्रसंगातील वातावरण परके वाटणार नाही. हजेरीपटावरील मागाहून केलेली सही, तपासणीच्या आदल्या रात्री पुऱ्या केलेल्या नोंदवह्या, वरिष्ठांची चूक कनिष्ठाच्या माथी मारणारा एखादा शेरा, हे सारे किरकोळ असते, निरुपद्रवी असते, ‘नरो वा कुंजरो वा’ या धर्तीचे असते. अशा एखाद्या खाडाखोडीतून कुणी माणसे मारण्यापर्यंत जातो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एन्डोही तसे म्हणत नाहीत. ते एवढेच दाखवतात की मोठ्या गुन्ह्यासाठी वेगळी माणसे लागत नाहीत. लहान खोटेपणाच्या वेळी शेजारी उभी राहिलेली माणसेच, त्याच जागी, त्याच क्रमाने पुन्हा उभी राहतात. ताबेबाईंच्या मृत्यूने हाशिमोतो यांची बाजू आणखी ढासळते, ती सावरण्यासाठी लष्कराची मर्जी संपादन करणे आवश्यक ठरते, आणि लष्कराच्या ताब्यात अमेरिकन कैदी असतात. मग पुढचे पाऊल पडायला कितीसा वेळ?

होकार न देता दिलेला होकार

सुगुरो हा या साऱ्यात सर्वांत सालस माणूस आहे. धर्मादाय विभागातील एका म्हातारीवर त्याचा जीव जडला आहे. ती वाचणार नाही हे त्याला कळते. तरी ती आपली पहिली रुग्ण आहे, तिला मरू द्यायचे नाही, अशी त्याची वेडी जिद्द आहे. वरिष्ठांना तिच्यावर एक जोखमीची शस्त्रक्रिया प्रयोग म्हणून करून पाहायची असते. सुगुरोला ते पटत नाही; विरोध करण्याची ताकद मात्र त्याच्यात नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच एका रात्री ती म्हातारी मरून जाते, आणि सुगुरोच्या आतला कुठला तरी शेवटचा धागा तुटतो.

कैद्यांवरील प्रयोगात सहभागी होण्याविषयी त्याला विचारले जाते तेव्हा ‘नको असेल तर नाही म्हणा’ असे वरिष्ठ स्पष्टपणे सांगतात. ही बाब फार महत्त्वाची आहे. त्याच्या छातीवर कुणी बंदूक रोखलेली नाही. खोलीत शेगडी पेटलेली आहे, निखाऱ्यांवर निळसर ज्योत हलते आहे, आणि सुगुरो दमला आहे. कशाचाच काही उपयोग नाही, जे व्हायचे ते होणार, असे त्याला वाटते. तो ‘हो’ म्हणत नाही. त्याच्याकडून ‘नाही’ म्हटले जात नाही, इतकेच. त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात तो भिंतीला पाठ टेकून उभा राहतो. हातात काही घेत नाही, कशाला स्पर्श करीत नाही. वैद्यकीय तपासणीसाठी आणल्याचे सांगितलेला तो गोरा कैदी निश्चिंत मनाने टेबलाकडे जातो, आणि ज्याला सर्व ठाऊक आहे असा एक सज्जन तरुण डॉक्टर भिंतीशी उभा राहून ते पाहतो.

द्यूतसभेत भीष्म-द्रोणांनी काही केले नव्हते. त्यांनी वस्त्राला हात घातला नव्हता, फासे टाकले नव्हते. तरीही शतकानुशतके भारतीय मन त्यांना तो प्रश्न विचारीत आले आहे. सुगुरोचा अपराध त्याच जातीचा आहे. ‘मी काहीच केले नाही’ हे त्याचे समर्थनही आहे आणि आरोपपत्रही. एन्डो यांनी हे वाक्य असे दुधारी करून ठेवले आहे की वाचक त्याला सोडूही शकत नाही आणि सुळावर चढवूही शकत नाही.

मराठीत ‘नाइलाज’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात दुःख आहे, सभ्यता आहे, आणि जबाबदारीतून अंग काढून घेण्याची सोयही आहे. जपानी भाषेतही याच अर्थाचा एक शब्दप्रयोग अखंड लोकांच्या तोंडी असतो. पुढे उपनगरात एकाकी जगणारा सुगुरो आपल्या रोग्याला जवळजवळ हेच सांगतो: त्या परिस्थितीत इलाज नव्हता, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर कदाचित पुन्हा तेच हातून घडेल. शेवटच्या या कबुलीने वाचकाचा थरकाप होतो. पश्चात्तापाने माणूस शुद्ध होतो, ही कथाकादंबऱ्यांनी रूढ केलेली समजूत एन्डो यांना मान्य नाही.

एका हुशार विद्यार्थ्याची वही

सुगुरोला निदान मळमळते, झोप येत नाही. त्याचा सहकारी तोदा याला तेही होत नाही, आणि म्हणून कादंबरीचा खरा मर्मभेदी भाग तोदाच्या आत्मकथनात आहे. तोदा हा सुस्थितीतील घरातला, वर्गात पहिला येणारा मुलगा. निबंधात कोणती भावना घातली की गुरुजींचे डोळे पाणावतात, हे त्याने लहानपणीच हेरले होते. गरीब मित्राला आपली आवडती वस्तू देताना मनात झालेली घालमेल त्याने निबंधात रंगवली. तशी घालमेल प्रत्यक्षात झालीच नव्हती. गुरुजींनी निबंध वर्गात वाचून दाखवला. पुढे त्याने शाळेतील शिक्षकांच्या संग्रहातील एक दुर्मीळ फुलपाखरू चोरले. आळ दुसऱ्याच मुलावर आला, शिक्षाही त्यालाच झाली. तोदाला काय वाटले? सुटलो, असे वाटले. मोठेपणी एका असहाय मोलकरणीच्या आयुष्याची त्याने धूळधाण केली. तेव्हाही, हे उघडकीला येईल की काय, एवढीच त्याला धास्ती होती.

तोदा स्वतःला फसवीत नाही, हीच त्याची विलक्षणता आहे. आपल्याला भीती वाटते ती लोकांच्या नजरेची आणि समाजाच्या शिक्षेची; ती नाहीशी झाली की मागे काहीच उरत नाही, हे त्याने ओळखले आहे. इतरांचेही असेच असते काय, असा त्याचा प्रश्न आहे. कैद्याला चिरून झाल्यावर तो रिकाम्या शस्त्रक्रियागृहात मुद्दाम परत जातो. निदान आता तरी काळजात कळ यावी, अशी त्याची अपेक्षा असते. कळ येत नाही. अपराधापेक्षाही भयाण वाटावी अशी ही अवस्था आहे, कारण येथे मनाच्या न्यायासनाचे दार उघडून आत पाहणाऱ्याला खुर्ची रिकामी दिसली आहे.

शिक्षकांनी तोदाची ही वही दोनदा वाचावी. ज्या मुलाला सद्भावनेचे शब्द उत्तम येतात त्याच्या ठायी सद्भावना असतेच, असे मानण्याची सवय शाळांना असते. परीक्षा शब्दांची घेता येते, म्हणून शब्दच मोजले जातात. ‘प्रामाणिकपणाचे महत्त्व’ या विषयावर दहापैकी नऊ गुण मिळवणारा विद्यार्थी पुढे काय करील, हे त्या निबंधावरून सांगता येत नाही.

देवाचा धाक पुरेसा आहे काय?

एन्डो हे जपानमधील अल्पसंख्य कॅथलिकांपैकी होते. बालपणीच त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. पापपुण्याचा निवाडा करणारा ईश्वर ज्या संस्कृतीत नाही तेथे अपराधाची जाणीव कुठून येणार, ही शंका त्यांना आयुष्यभर छळीत राहिली. कादंबरीत प्राध्यापकांची जर्मन पत्नी हिल्डा आहे. मरणोन्मुख रुग्णाला इंजेक्शन देऊन संपवू पाहणाऱ्या परिचारिकेचा हात ती धरते आणि तिला देवाचा धाक घालते. परिचारिकेला त्या धाकाचा अर्थच कळत नाही. तिला फक्त या परदेशी बाईचा संताप येतो. कैद्याच्या शस्त्रक्रियेला ती हजर राहते त्यामागेही हिल्डाला न कळलेले तिच्या नवऱ्याचे एक गुपित आपल्याजवळ असावे, हा क्षुद्र आनंद आहे.

एन्डो यांची ही मांडणी मात्र जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. हिल्डा ज्या देशातून आली त्या देशात, त्याच वर्षांत, बाप्तिस्मा झालेले आणि नामांकित विद्यापीठांतून शिकलेले डॉक्टर छळछावण्यांतील कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून मृत्यूच्या वेळा टिपून ठेवीत होते. न्यूरेंबर्ग येथे १९४६-४७ साली चाललेल्या खटल्यात तेवीस आरोपींपैकी सोळा दोषी ठरले आणि सात जणांना फाशी झाली. त्यांच्या देशात देवाचा धाक शतकानुशतके शिकवला गेला होता. तेव्हा ‘आमच्यात ईश्वर नाही म्हणून असे घडले’ हे जपानी लेखकाचे आत्मपरीक्षण प्रामाणिक असले, तरी अपुरे आहे. धर्म असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी सारख्याच थंडपणाने सुरी चालवली, हे विसाव्या शतकाने दाखवून दिले आहे. धर्मग्रंथ कुठला आहे, यापेक्षा ‘नाही’ म्हणण्याची सवय कितपत आहे, हाच प्रश्न अधिक निकडीचा आहे.

या प्रश्नाला प्रत्यक्ष इतिहासातच एक उत्तर सापडते. क्युशू प्रकरणात शिक्षा झालेल्यांमध्ये तोरिसु तारो नावाचे सहायक प्राध्यापक होते. पहिल्या दोन शस्त्रक्रियांत ते सहभागी होते; नंतर त्यांनी आपल्या प्राध्यापकांना हे थांबवण्याची विनंती केली आणि पुढच्या शस्त्रक्रिया टाळल्या. तरीही न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला. पुढे तो दहा वर्षांच्या कैदेवर आला. त्यांच्यावर आधारलेले एक नाट्य जपानच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीने ऑगस्ट २०२१ मध्ये सादर केले. ‘इलाज नव्हता, असे म्हणता कामा नये’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. ज्याला हे म्हणण्याचा सर्वांत कमी अधिकार होता, किंवा कदाचित सर्वांत जास्त, अशा माणसाच्या जीवनातून हा निष्कर्ष निघावा, हे अर्थपूर्ण आहे. त्या काळी विद्यार्थिदशेत हे प्रयोग पाहिलेल्या तोशिओ तोनो यांनीही १९७९ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले आणि अखेरपर्यंत ते त्याविषयी बोलत राहिले. विद्यापीठाला मात्र आपल्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात या घटनेची नोंद मांडायला २०१५ साल उजाडावे लागले. सत्तर वर्षे! संस्थांची मनाची लाज माणसांहूनही उशिरा जागी होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

न्याय करणाऱ्यांचे काय?

तथापि, हे सारे वाचून सुगुरोकडे बोट दाखवणे सोपे आहे, आणि त्या सोपेपणाविषयीही एन्डो सावध होते. १९७७ साली त्यांनी ‘दुःखाचे गाणे’ या कादंबरीत सुगुरोला पुन्हा आणले. आता तो वृद्ध झाला आहे, टोकियोच्या गजबजलेल्या शिंजुकु भागात लहानसा दवाखाना चालवतो आहे, लाचारांचे ओझे न बोलता वाहतो आहे. एका तरुण पत्रकाराला त्याचा भूतकाळ सापडतो. पत्रकार तत्त्वनिष्ठ आहे, निष्कलंक आहे. त्याला कधीच त्या शस्त्रक्रियागृहात उभे राहावे लागलेले नाही. तो सुगुरोचा पिच्छा पुरवतो आणि अखेरीस सुगुरो आत्महत्या करतो. पत्रकाराने एकही खोटी ओळ लिहिलेली नसते. तरीही कादंबरी मिटताना वाचकाला त्याच्या स्वच्छ हातांची भीती वाटते. येथे जनाच्या न्यायासनावरच खटला चालला आहे.

याच विचाराचा अखेरचा टप्पा भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटेल. एन्डो यांची ‘खोल नदी’ ही १९९३ सालची कादंबरी वाराणसीत घडते. तीत किगुची नावाचा एक माजी सैनिक आहे. ब्रह्मदेशातील जपानी सैन्याच्या भीषण माघारीत त्याचा जीव वाचवणारा सोबती उपासमारीत मृत सहकाऱ्याचे मांस खाण्यापर्यंत पोहोचला होता. त्या आठवणीने तो पुढे दारूत बुडतो आणि मरणाच्या दारात एका परदेशी स्वयंसेवकापाशी सारे बोलून टाकतो. ऐकणारा त्याचा निवाडा करीत नाही, त्याच्या कृत्याला चांगलेही म्हणत नाही. तो फक्त त्याच्याजवळ बसतो. किगुची मागाहून गंगेच्या काठी मेलेल्या शत्रुमित्रांसाठी बौद्ध सूत्रांचा पाठ करतो. ‘समुद्र आणि विष’मधील ईश्वर हिल्डाच्या मुठीतल्या धाकासारखा होता; छत्तीस वर्षांनी लिहिलेल्या या कादंबरीत तो सर्वांची राख सारखीच वाहून नेणाऱ्या प्रवाहासारखा झाला आहे. धाकापेक्षा सोबत अधिक काही करू शकते, या निष्कर्षाला एन्डो असे उशिरा पोहोचले.

याचा अर्थ अपराध धुऊन निघतो, असा नाही. त्या आठ तरुणांपैकी कुणीही परत येणार नाही. मात्र एन्डो यांच्या या तीन कादंबऱ्या एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मनाची लाज ही जन्माबरोबर मिळणारी आणि कायम शाबूत राहणारी ठेव नव्हे. ती वापरात राहिली तरच राहते. ताबेबाईंच्या दाराशी नातेवाइकांना ‘त्या गेल्या’ एवढे दोन शब्द खरे सांगितले गेले असते, तर शेगडीशेजारच्या त्या खोलीत सुगुरोला ‘नाही’ हा शब्द कदाचित सापडला असता. तो शब्द त्याच्याजवळ नव्हता, कारण त्याआधी तो त्याने कधी मोठ्याने उच्चारलाच नव्हता.

सुदैवाने बहुसंख्य माणसांवर सुगुरोसारखी वेळ येत नाही. कारकुनाच्या टेबलावर एखादी नोंद बदलण्यासाठी येते, शिक्षकापुढे एखादा गुण वाढवण्याची सूचना येते, विद्यार्थ्यासमोर आपल्याऐवजी दुसरा शिक्षा भोगत असल्याचे दृश्य येते. तेथे प्राण पणाला लागलेले नसतात. बढती लांबेल, वरिष्ठ नाराज होतील, चार मित्र हसतील, एवढेच होईल. ‘नाही’ म्हणायला शिकण्याची संधी अशाच जागी मिळते. ‘मनाची तरी लाज बाळग’ असे मुलाला बजावणाऱ्या घराने आणि शाळेने, त्याने अशा एखाद्या जागी खरोखरच ती बाळगली आणि त्यापायी काही गमावले, तर त्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी ठेवली पाहिजे.